घरातली दुनाली ओळखीतल्या माणसाला विकायची आहे, स्टँप पेपरवर लिहून दिलं तर चालतं का?

लष्करचा_पोरगा (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, कोणाला अनुभव असेल तर सांगा. माझे काका, वय 74, दौलतगंजात जुन्या वाड्यात राहतात. त्यांच्याकडे 12 बोरची दुनाली (दोन नळ्यांची बंदूक) आहे, आजोबांनी घेतलेली, नंतर काकांच्या नावावर झाली. लायसन्स एकदम ओके आहे, रिन्यू केलेलं, यूआयएन (लायसन्सचा ऑनलाईन नोंदीतला ओळख क्रमांक) पडलेला, सगळं. आजोबांच्या काळी शिकारीला जायचे, ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदच झालं, आता ती बंदूक दसऱ्याला हळदकुंकू लावण्यापुरती बाहेर निघते आणि दर निवडणुकीला थान्यात जमा करायची, पावती सांभाळायची, निकाल लागल्यावर परत आणायची, एवढंच काम उरलंय. काकांचे गुडघे गेलेत, चुलतभाऊ बंगळूरला, त्याला बंदूक नको. मग विकायचं ठरलं.

दुकानदाराला दाखवली तर त्याने असा भाव सांगितला की काका दोन दिवस कोणाशी बोललेच नाहीत. तेवढ्यात काकांच्या फिरायच्या ग्रुपमधले एक गृहस्थ म्हणाले, मला द्या. मूळचे भिंडचे, तिकडे शेती आहे, मुलाच्या नावावर घ्यायची म्हणतात. मुलाचं लायसन्स "झाल्यातच जमा आहे". पैसे चांगले देतायत, निम्मे आत्ता रोख, बाकी नंतर. म्हणतात शंभरच्या स्टँपवर लिखापढी करू, दोन साक्षीदार, स्कूटर विकतो तसं, आणि बंदूक आजच घेऊन जातो कारण गावाकडे नीलगाई पीक खातायत.

तर माणसाने माणसाला अशी बंदूक विकता येते का, की दुकानदारामार्फतच जावं लागतं? आणि दुसरं म्हणजे, काकांना आता उठबस जमत नाही तर मी बंदूक गाडीत घालून त्यांना भिंडला पोचवून आलो तर काही प्रॉब्लेम?

बाड्यावरचा_भाऊ

अरे काही होत नाही, नोटरी करून घे बस. आपल्या चंबळमध्ये किती बंदुका अशाच फिरतात, कोण विचारतंय. लिखापढीत "आजपासून सर्व जबाबदारी घेणाऱ्याची" एवढी एक ओळ टाक म्हणजे काका मोकळे.

रिटायर्ड_बाबू

बाड्यावरच्या भाऊंचा सल्ला अजिबात ऐकू नका. मी नोकरीचा बराच काळ शस्त्र शाखेत फायली हलवल्यात (कुठल्या जिल्ह्यात ते सोडा), ही "सर्व जबाबदारी घेणाऱ्याची" वाली ओळ मी इतक्या स्टँप पेपरांवर वाचलीये की पाठ झालीये, आणि त्या ओळीने कोणी सुटलेलं बघितलं नाही.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हो, विकता येते. दुकानदार मधे असलाच पाहिजे असं नाही. आर्म्स ॲक्ट 1959 च्या कलम 5 मध्ये विक्रीचा धंदा करणाऱ्याला लायसन्स लागतं असं आहे, पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं की स्वतःच्या खाजगी वापरासाठी कायदेशीर बाळगलेलं हत्यार तुम्ही विक्रीचं लायसन्स नसताना दुसऱ्याला विकू शकता किंवा देऊ शकता. अट अशी की घेणाऱ्याला ते बाळगायचा हक्क असला पाहिजे. म्हणजे सरळ भाषेत, बंदूक हातात पडायच्या आधी त्याच्याकडे स्वतःचं लायसन्स पाहिजे, आणि ते त्या प्रकारच्या हत्याराचं पाहिजे. "झाल्यातच जमा" हे लायसन्स नाही हो. पोलीस व्हेरिफिकेशन अडकलेलं असेल, नामंजूरही होऊ शकतं, मग तुम्ही काय करणार?

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेकांना माहीतच नसते. विकायच्या आधी काकांनी लेखी कळवायचं, कलेक्टरला म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्याला, किंवा जवळच्या थान्याच्या इनचार्जला, की मी हे हत्यार विकणार आहे आणि घेणाऱ्याचं नाव पत्ता हा. ते दिल्यावर किमान 45 दिवस जाऊ द्यायचे. पंचेचाळीस दिवसांच्या आत बंदूक द्यायची नाही, कितीही ओळख असू दे, कितीही नीलगाई असू देत. हा वेळ कशासाठी तर घेणाऱ्यावर काही गुन्हा वगैरे आहे का ते पोलिसांना बघता यावं. आणि अर्ज दिला की आवक नंबर टाकलेली दुसरी प्रत हातात घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका, दिवस त्या शिक्क्याच्या तारखेपासून मोजायचेत. बरेच जिल्हे वरून विक्रीच्या परवानगीचं पत्रही काढतात, भिंडवाल्याच्या बाबतीत तिकडच्या कलेक्ट्रेटमधून त्याचं लायसन्स खरं आहे का हे विचारलं जाईल, त्यात वेळ जातो, जाऊ द्या.

स्टँप पेपर करा की, पैशाच्या व्यवहाराचा पुरावा म्हणून चांगलाच आहे. पण त्याने हत्यार एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जात नाही. ते जातं लायसन्सच्या पुस्तकात. घेणाऱ्याच्या लायसन्सवर बंदूक नंबरासकट चढली पाहिजे आणि काकांच्या लायसन्सवरून कमी झाली पाहिजे. दोन्ही नोंदी झाल्या की त्यांची फोटोकॉपी काका जिवंत असेपर्यंत फाईलमध्ये ठेवा, आणि नंतर तुम्हीही ठेवा.

शिक्षा पण सांगतो म्हणजे त्या गृहस्थांना सांगायला बरं. 2019 ची दुरुस्ती 14 डिसेंबर 2019 पासून लागू आहे, त्यात कलम 5 मोडून विक्री केली तर किमान 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. घेणाऱ्याकडे विनालायसन्स साधी बंदूक सापडली तर किमान 2, जास्तीत जास्त 5 वर्षं. म्हणजे बघा, या सौद्यात घेणाऱ्यापेक्षा देणारा जास्त अडकतो, आणि देणारे 74 वर्षांचे तुमचे काका आहेत.

डबऱ्याची_सून

बाबूकाकांनी लिहिलंय ते शंभर टक्के. आमच्या नात्यात झालंय म्हणून सांगते. माझ्या सासऱ्यांच्या मावसभावाने अशीच एकनाली ओळखीत दिली, स्टँपवर, कागद "नंतर करू" म्हणून, आणि ते नंतर काही येईना. मग तिकडे कोणाच्या तरी लग्नात वरातीत हर्ष फायर (आनंदात गोळी झाडणं), एका पोराच्या खांद्याला छर्रे लागले (वाचला पोरगा), बंदूक जप्त, पोलिसांनी नंबर टाकून बघितला तर नाव कोणाचं निघालं? मावसभावाचं. सकाळी पूजेला बसलेला माणूस, दारात जीप. तो म्हणतो मी विकली, ते म्हणतात कागद दाखवा, हा स्टँप दाखवतो, ते म्हणतात आजोबा हा तर तुमच्याच विरुद्धचा पुरावा झाला, तुम्ही स्वतः लिहून दिलंय की विनापरवानगी विकली! वकिलाची फी बंदुकीच्या किमतीच्या कितीतरी वर गेली आणि केस अजून चालूच आहे.

आणि हर्ष फायरला पण आता वेगळी शिक्षा आहे ना, 2 वर्षांपर्यंत की 1 लाख दंड असं काहीतरी?

रिटायर्ड_बाबू

हो ताई, 2019 च्याच दुरुस्तीत आलंय, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी आपल्याकडच्या वराती ऐकत नाहीत.

मांडवी_बडोदे

बडोद्याहून लिहितोय, आमच्याकडे गुजरातेत लायसन्सं तुमच्याएवढी नाहीत पण कायदा सगळीकडे तोच केंद्राचा. वडील गेले तेव्हा त्यांची एक रायफल आणि एक दुनाली घरात होती. पहिले काही दिवस कोणाच्या डोक्यातच आलं नाही, तेरावं झाल्यावर एका वकील मित्राने विचारलं, हत्यारं कुठायत? घरात? अहो माणूस गेला की त्याचं लायसन्स वारसाला आपोआप लागू होत नाही, कलम 21 खाली विनाकारण उशीर न करता जवळच्या थान्यात किंवा लायसन्सवाल्या दुकानदाराकडे जमा करावी लागतात. आम्ही दुकानदाराकडे केली, पावती घेतली. चांगली गोष्ट ही की जमा केली म्हणजे सरकारजमा झाली असं नाही, ठरावीक मुदतीत वारस ती लायसन्सवाल्या माणसाला विकू शकतो आणि पैसे वारसालाच मिळतात. मुदत गेली की मात्र जप्त. आम्ही दुनाली भावाच्या लायसन्सवर घेतली, रायफल विकली.

तुमच्या काकांचं उलट बरंय, ते हयात आहेत, स्वतः सही करू शकतात. हे काम आत्ताच उरकून घ्या, नंतर वारस दाखले, बहिणींच्या एनओसी, फार वैताग होतो. आमच्या एका आत्याने सहीसाठी सहा महिने लावले, बंदुकीवरून नाही, जुन्या पाटल्यांवरून राग होता.

राजवाडा_इंदूर

माझा मुलगा अमेरिकेत डॅलसला आहे, तो म्हणतो बाबा इकडे दोन माणसं पार्किंगमध्ये भेटून बंदूक विकतात. मला खरं वाटेना. मग आपल्याकडेच एवढं का?

रिटायर्ड_बाबू

तिकडे बंदूक बाळगणं हा घटनेतला हक्क धरतात, आपल्याकडे ती सरकारने दिलेली परवानगी आहे, मुळातच फरक. तिकडचं मला वाचूनच माहीत, पण तुमचा मुलगा चुकीचं सांगत नाही. दुकानदाराने विकली तर केंद्राच्या कायद्याने घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासावी लागते, 1993 चा ब्रॅडी कायदा, 1998 पासून फोन किंवा कंप्युटरवर लगेच तपासतात. पण धंदा न करणाऱ्या साध्या माणसाने आपल्याच राज्यातल्या दुसऱ्याला विकली तर केंद्राचा कायदा ती तपासणी मागत नाही, टेक्सासने पण वेगळी लावलेली नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कोलोराडो अशा राज्यांनी स्वतःचे कायदे करून खाजगी विक्रीलाही तपासणी लावलीये. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला मात्र थेट देता येत नाही, लायसन्सवाला दुकानदार मधे लागतोच. आणि ज्याला बाळगायला बंदी आहे असं माहीत आहे त्याला विकली तर तिकडेही गुन्हाच आहे. तेव्हा मुलाला सांगा इकडे आल्यावर तो हिशेब लावू नकोस.

बाड्यावरचा_भाऊ

सगळे घाबरवून राहिलेत. 45 दिवस कोण थांबतो? एवढ्यात गिऱ्हाईक पळून जाईल.

डबऱ्याची_सून

पळू दे भाऊ. पळणारं गिऱ्हाईक जेलच्या दारात कुठे उभं राहतं?

लष्करचा_पोरगा (ग्वाल्हेर)

बापरे, थँक्यू सगळ्यांना. काकांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मला माहीतच होतं (नव्हतं माहीत). ॲडव्हान्स घेतलेला नाही अजून, नशीब. बाबूकाका, काही शंका आहेत. भाचा म्हणून, म्हणजे पुतण्या म्हणून, मी बंदूक कुठेच नेऊ शकत नाही का? आत्ता तिचा घोडा जरा अडकतोय, विकायच्या आधी दुरुस्त करावी म्हणत होतो. आणि चुलतभावाचं मन बदललं तर त्याच्या नावावर करता येईल का? काकी आता म्हणायला लागल्यात की घराण्यातली आहे, बाहेर कशाला.

रिटायर्ड_बाबू

नेऊ शकता, पण भिंडला नाही. कलम 3 मध्ये सवलत आहे, लायसन्सवाला सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर दुसरा माणूस स्वतःचं लायसन्स नसताना हत्यार दुरुस्तीला किंवा लायसन्स रिन्यूच्या कामाला नेऊ शकतो. तेव्हा काकांकडून साध्या कागदावर सहीनिशी घ्या, कोणतं हत्यार, नंबर काय, कुठल्या दुकानात, कशासाठी, कोणत्या तारखेला. सोबत त्यांचं मूळ लायसन्स ठेवा. बंदूक खाली, काडतुसं घरीच. वाटेत फेरीवर फेरी मारू नका, घर ते दुकान, दुकान ते घर. विकून घेणाऱ्याला पोचवायला ही सवलत नाही. त्यासाठी घेणाऱ्याने स्वतःचं लायसन्स घेऊन यायचं आणि काकांच्या हातून न्यायची.

दुकानात जाताय तर एक काम करा. नळ्या काढायला सांगा आणि बुडाशी सपाट भागावर किंवा ट्रिगर गार्डवर कोरलेला नंबर बघा, मग तो काकांच्या पुस्तकातल्या नंबराशी एकेक आकडा लावून बघा. जुन्या पुस्तकांत शाईने लिहिलेला 1 आणि 7 सारखाच दिसतो, मग कंप्युटरवर चढवताना कोणीतरी चुकीचा चढवतो, आणि विक्रीच्या दिवशी घेणाऱ्याच्या कलेक्ट्रेटमधला बाबू म्हणतो ही ती बंदूकच नाही. मी असे कितीतरी म्हातारे परत पाठवलेत, वाईट वाटायचं पण करणार काय. आकडा चुकला असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज द्या, मग विक्रीचा. आणि नंबर घासून गेला असेल तर आणखीनच अवघड, कारण बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखखूण नसलेलं हत्यार कलम 8 प्रमाणे विकताच येत नाही.

चुलतभावाचं म्हणाल तर रस्ता आहे आणि माझ्या मते तोच बरा. आर्म्स रूल्स 2016 मध्ये नियम 25 बघा, लायसन्सवाला 70 वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे 25 वर्षं असलं, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो हयातीतच आपल्या वारसाला नेमून त्याच्या नावाने लायसन्स मागू शकतो. काका दोन्हीत बसतात. पण मुलाचं वय 21 पूर्ण पाहिजे, शिक्षा वगैरे झालेली नको, पोलीस रिपोर्ट होणार, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागणार. तो बंगळूरला राहतो तर अर्ज कुठे करायचा, ठेवणार कुठे हे आधी ठरवा. बंदूक दौलतगंजात आणि लायसन्सवाला बंगळूरला असं करू नका. म्हणजे ज्याच्या नावावर लायसन्स नाही त्या काकांच्या घरात मुलाची बंदूक, हे कोणत्याच नियमात बसत नाही.

आणि एक, 2019 पासून एका माणसाला दोनच हत्यारं, आधी तीन चालायची. वारसाने आलेलं असलं तरी मर्यादा दोनच. हे भिंडच्या पार्टीलाही विचारा, त्या मुलाच्या लायसन्सवर आधीच काय काय चढलेलं आहे किंवा चढणार आहे.

मांडवी_बडोदे

दुकानदाराच्या भावाबद्दल पण थोडं. तो कमी देतो हे खरं, पण त्या कमी पैशात रजिस्टरची नोंद आणि घेणारा शोधायची कटकट त्याच्याकडे जाते. आम्ही रायफल त्याच्याच मार्फत काढली, घासाघीस करून थोडा वाढवला. दुनालीला हल्ली तसाही उठाव कमी आहे, ज्याला लायसन्स मिळतं त्याला पिस्तूल पाहिजे असतं. दोन तीन दुकानं फिरून बघा. ऑनलाईन फोटो टाकून गिऱ्हाईक मात्र शोधू नका, आमच्या ओळखीत एकाने फॅमिली ग्रुपवर टाकला तो फोटो कुठल्या कुठे गेला.

लष्करचा_पोरगा (ग्वाल्हेर)

अपडेट. त्या गृहस्थांना काकांनी फोनवर सांगितलं, मुलाचं लायसन्स हातात आलं की या, मग आम्ही अर्ज देऊ आणि 45 दिवस थांबू. ते म्हणाले एवढं काय हो, आपण रोज सोबत फिरतो. त्यावर काका म्हणाले फिरू की उद्याही. आज फिरायला आले नाहीत ते. काकी खूश आहेत. चुलतभावाला नियम 25 पाठवलाय, त्याने अंगठा दाखवलाय, म्हणजे हो का नाही ते कळत नाही.

शेवटची शंका. कपाटात काडतुसांची एक जुनी डबी निघाली, कागदी पुठ्ठ्याची, काही फुगलीयेत, हिरवट पडलीयेत. बंदूक जाईल तेव्हा जाईल, ही टाकून देऊ का? स्वर्णरेखा नाल्यात?

रिटायर्ड_बाबू

नाल्यात बिलकुल नाही! काडतुसांनाही तेच कलम लागू आहे, विकायची दिली तरी तोच अर्ज, घेणाऱ्याकडे लायसन्स, तेच 45 दिवस. फुगलेली असतील तर ती कोणाला विकायची नाहीत आणि उडवून बघायचीही नाहीत, नळी फाटते. कोरड्या जागी, बंदुकीपासून वेगळी, कुलपात ठेवा. मोजा, काकांच्या लायसन्सवरच्या हिशेबाशी जुळतात का बघा, आणि थान्यात लेखी देऊन जमा करा नाहीतर दुकानदाराला विचारा तो पावतीवर घेतो का. डबी हातात घेऊन अचानक थान्यात जाऊ नका, आधी काकांच्या सहीचा अर्ज द्या, मग ते सांगतील तशी न्या. आणि हो, पावतीवर संख्या लिहून घ्या, नुसतं "काडतुसे जमा" असं लिहिलेलं घेऊ नका.